काकाची बदली

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा काका म्हणजे कुणाचा काका नव्हे. कापो काक्को नावाचा फिनलंडचा एक आइस हॉकी खेळाडू आहे. २०१९ साली न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला घेतलं तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. पण आमच्या न्यू जर्सीतल्या घरात 'काक्को'चं 'काका' व्हायला एक संध्याकाळ पुरली. "काका आज खेळतोय का?", "काकाला आज पण बसवलंय" हे असं साडेपाच वर्षं चाललं. पुण्याहून फोन आला की आईला वाटायचं, यांच्याकडे कोणीतरी नातेवाईक मुक्कामाला आलाय आणि हे आपल्याला सांगत नाहीयेत.

तर १८ डिसेंबर २०२४ ला रेंजर्सनी आमच्या काकाला सिअ‍ॅटल क्रॅकन या संघाला देऊन टाकलं. बदल्यात विल बोर्गन नावाचा एक डिफेन्समन आला, आणि वर २०२५ च्या ड्राफ्टमधली तिसऱ्या आणि सहाव्या फेरीतली एकेक निवड. या व्यवहारावर घरात, ऑफिसात आणि ट्रेनमध्ये मी इतका वाद घातलाय की शेवटी बायको म्हणाली, "एवढं तू तुझ्या स्वतःच्या नोकरीबद्दल कधी बोलला नाहीस." खरं आहे. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आपल्याकडे 'ट्रेड' हा शब्द घरोघरी पोचला तो २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला परत आला तेव्हा. एनएचएलमध्ये हे रोजचं आहे, फक्त तिथे पैसे मोजून माणूस घेता येत नाही. माणसाच्या बदल्यात माणूस, नाहीतर पुढच्या ड्राफ्टमधली निवड. करारात तसं कलम नसेल तर खेळाडूला विचारायचीही गरज नसते. सकाळी सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी साडेचार हजार किलोमीटरवरच्या शहराचा झालेला असतो. आपल्याकडे सरकारी नोकरीत बदली व्हायची, तसं. निदान तिथे ऑर्डर हातात पडायला चार दिवस तरी लागायचे.

आता थोडं खेळाबद्दल, कारण त्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही. (मलाही अमेरिकेत येईपर्यंत हॉकी म्हणजे फक्त ध्यानचंद.) एका मॅचला बारा फॉरवर्ड आणि सहा डिफेन्समन असतात. फॉरवर्ड तिघातिघांच्या चार ओळींत खेळतात, डिफेन्समन जोड्यांनी. बर्फावर माणूस एका वेळी पाऊण मिनिट टिकतो, मग धापा टाकत बाकावर येतो. साठ मिनिटांच्या मॅचमध्ये पहिल्या ओळीला अठरा-वीस मिनिटं मिळतात, चौथीला त्याच्या निम्मी. आणि समोरच्या संघाचा माणूस शिक्षा म्हणून बाहेर गेला की दोन मिनिटांचा 'पॉवर प्ले' मिळतो, पाच विरुद्ध चार. मोठ्या खेळाडूंच्या गुणांतला (गोल आणि असिस्ट मिळून 'पॉइंट्स') चांगला मोठा वाटा या दोन-दोन मिनिटांतून येतो. तिथे कोणाला उभं करायचं हे कोच ठरवतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फेब्रुवारी २०१८ मध्ये रेंजर्सनी चाहत्यांना एक जाहीर पत्र लिहिलं होतं. आम्ही संघ नव्याने बांधणार आहोत, तुमचे काही आवडते खेळाडू जातील, धीर धरा, असा एकूण आशय. इथे ते पत्र अजून नुसतं 'ते पत्र' म्हणूनच ओळखलं जातं. २०१९ च्या लॉटरीत सहाव्या जागेवरून रेंजर्स दुसऱ्या जागेवर आले. पहिला नंबर नदीपलीकडच्या न्यू जर्सी डेव्हिल्सचा. त्यांनी जॅक ह्यूज घेतला, यांनी काक्को. काक्को तेव्हा काय होता ते आज सांगितलं तर खोटं वाटेल. फिनलंडच्या मुख्य लीगमध्ये, दाढीमिशावाल्या पुरुषांविरुद्ध, ४५ सामन्यांत २२ गोल. ज्युनिअर विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध विजयी गोल त्याचा. त्याच वर्षी मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेतही सुवर्ण. टाइप १ मधुमेह सांभाळून हे सगळं. ह्यूजपेक्षा काक्कोच आधी तयार आहे, असं म्हणणारे जाणकार तेव्हा कमी नव्हते.

आणि पहिल्या हंगामात काय झालं? काक्कोचे २३ पॉइंट्स, ह्यूजचे २१! दोघेही चाचपडले. पण डेव्हिल्स वाईट संघ होता आणि वाईटच राहिला. त्यामुळे ह्यूजला सेंटरला उभं करून, पॉवर प्लेला पुढे घालून, चुका करू द्यायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता. २०२२-२३ मध्ये त्याच ह्यूजने ४३ गोल आणि ९९ पॉइंट्स केले.

रेंजर्सचं उलटं झालं. ते चांगले झाले. फार लवकर चांगले झाले. काक्को आला त्याच उन्हाळ्यात त्यांनी आर्तेमी पानारिनसारखा हिरा घेतला. झिबानेजाद, क्रायडर होतेच, मागून अ‍ॅडम फॉक्स आला. पॉवर प्लेचा पहिला संच असा पक्का बसला की तो दोन मिनिटांतली दीड मिनिटं स्वतःच खायचा. उरलेल्या वीस-तीस सेकंदांत काका येणार, पक मागच्या कोपऱ्यात जाणार आणि शिट्टी वाजणार. उरलेला सगळा वेळ तिसऱ्या ओळीत, आणि पाच वर्षांत तीन कोच: क्विन, गॅलंट, लाव्हिओलेट. मधे कोविड, मधे मनगटाची दुखापत. ज्या संघाने चाहत्यांना धीर धरायला सांगितलं होतं, त्याच संघाला आता धीर धरणं परवडत नव्हतं!

तरी २०२२ च्या प्लेऑफमध्ये लाफ्रेनिएर, खितिल आणि काक्को या तीन पोरांची एक ओळ जमली होती. 'किड लाइन'. संघ पोचला टॅम्पाविरुद्धच्या उपांत्य मालिकेपर्यंत, आणि त्यात या पोरांचाही चांगला हातभार होता. आणि सहाव्या सामन्यात, हरलो तर बाहेर अशा सामन्यात, कोचने काक्कोला धडधाकट असताना बाहेर बसवलं. रेंजर्स हरले. पुढच्या वर्षी काक्कोने ८२ सामने खेळून १८ गोल, ४० पॉइंट्स केले. त्याचा न्यूयॉर्कमधला सर्वात चांगला हंगाम. २०२४ च्या उपांत्य मालिकेत फ्लोरिडाविरुद्ध पुन्हा एका सामन्याला बाहेर. कोच दुसरा, बाकडं तेच.

मग आला २०२४ चा हिवाळा. पहिल्या सतरापैकी बारा सामने जिंकून संघ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असा काही घसरला की बघवेना. डिसेंबरच्या मध्याला सेंट लुईसच्या सामन्यात काक्को पुन्हा बाहेर. या वेळी तो बोलला. तरुण पोराला उचलून बाहेर ठेवणं सोपं पडतं, अशा अर्थाचं काहीतरी पत्रकारांना म्हणाला. तीन दिवसांत त्याची बदली झाली.

आता दुसरी बाजू. ती मांडायला माझ्या ऑफिसात एक ब्रुकलिनचा गृहस्थ आहे. १९९४ साली रेंजर्सनी चोपन्न वर्षांनी स्टॅनले कप जिंकला तेव्हा तो रस्त्यात नाचला होता म्हणे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ३३० सामने, ६१ गोल, १३१ पॉइंट्स. इतकं झाल्यावर माणूस 'प्रॉस्पेक्ट' राहत नाही, तो आहे तो आहे. दुसऱ्या नंबरची निवड ही २०१९ सालची गोष्ट, त्याचं व्याज किती वर्षं मोजायचं? आणि संघाला उजवीकडे डिफेन्समन हवा होता, तो मिळाला. विषय संपला.

हे सहज उडवून लावण्यासारखं नाही. बहुसंख्य हॉकीपटू काठी डाव्या बाजूने धरतात, त्यामुळे उजव्या हाताचा डिफेन्समन ही कायम टंचाईची वस्तू आहे. उजव्या बाजूला डाव्या हाताचा माणूस उभा केला तर कठड्याला घासत आलेला पक त्याला उलट्या काठीने अडवावा लागतो, आणि अर्ध्या सेकंदाचा तो उशीर गोलात जातो. या वस्तूची किंमत किती असते? २०१६ मध्ये एडमंटनने अ‍ॅडम लार्सन या उजव्या हाताच्या डिफेन्समनसाठी टेलर हॉल देऊन टाकला. एकास एक. हॉल २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि एडमंटनची टिंगल आजतागायत चालू आहे. पण लार्सन आला त्याच हंगामात एडमंटन २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचलं, हे टिंगल करणारे सांगत नाहीत. (अर्थात त्याच संघात मॅकडेव्हिडही होता. असो.)

बोर्गनही अगदी त्याच जातीचा. मिनेसोटाचा, उंचापुरा, तेव्हा जवळजवळ अठ्ठावीस वर्षांचा. गोल करत नाही, करायचा प्रयत्नही फारसा करत नाही. गोलसमोरचा माणूस ढकलणं, अंगावर पक घेणं, सोपा पास देणं. घरात नळाची गळती थांबली की आपण कुठे प्लंबरसाठी टाळ्या वाजवतो? तसलं काम. मी त्याचे सामने मुद्दाम नुसतं त्याच्याकडे बघत पाहिले. पहिले दोन-तीन सामने काहीच दिसलं नाही. मग कळलं की काहीच न दिसणं हेच त्याचं काम आहे.

म्हणजे बोर्गन वाईट, असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण किमतीशी आहे, आणि ती किंमत कोणी पाडली याच्याशी आहे.

उजवीकडे भगदाड पडलं कसं? ६ डिसेंबरला रेंजर्सनी स्वतःचाच कर्णधार, उजव्या बाजूचा डिफेन्समन जेकब ट्रूबा अ‍ॅनाहाइमला दिला म्हणून. त्याचा वर्षाला ८० लाख डॉलरचा पगार त्यांना नको होता. संघाची एकूण पगारमर्यादा त्या वर्षी ८ कोटी ८० लाख होती, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. पण मग बारा दिवसांनी बाजारात उभं राहून "आम्हाला उजव्या हाताचा हवाय हो" म्हणताना आपण गरजू आहोत हे सगळ्या लीगला दिसत होतं. आणि हातात विकायला काय होतं? ज्याला तीन दिवसांपूर्वी आपणच सगळ्यांदेखत बाकावर बसवलं तो पोरगा. तुळशीबागेतला पोऱ्यासुद्धा आपल्या मालाला आधी लाथ मारून मग भाव सांगत नाही.

शिवाय करार. दोघांचेही करार त्याच उन्हाळ्यात संपत होते. पण काक्कोचे हक्क वयामुळे संघाकडेच राहणार होते, तर बोर्गन मोकळा होऊन कुठेही जाऊ शकत होता. म्हणजे कायमची वस्तू देऊन सहा महिन्यांची वस्तू घेतली. ती कायमची करायला लगेच जानेवारीत रेंजर्सनी बोर्गनशी पाच वर्षांचा, वर्षाला ४१ लाख डॉलरचा करार केला. सिअ‍ॅटलने २०२५ च्या उन्हाळ्यात काक्कोशी तीन वर्षांचा केला, वर्षाला साधारण ४५ लाखांचा. म्हणजे आजच्या घडीला बाजाराने दोघांना जवळजवळ एकाच भावाला तोललंय. ब्रुकलिनचे गृहस्थ म्हणतात, बघ, सारखेच! मी म्हणतो, एक तेवीस वर्षांचा असताना दिला आणि दुसरा जवळजवळ अठ्ठावीसचा घेतला. सारखे कसे?

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती माझ्या विरुद्ध जाते. सोडलेला प्रत्येक पोरगा दुसरीकडे जाऊन फुलतोच असं नाही. याच रेंजर्सनी २०१७ चा सातव्या नंबरचा लियास आंदरसन आणि २०१८ चा नवव्या नंबरचा विताली क्राव्हत्सोव असेच वाटेला लावले. दोघेही पुढच्या संघात जमले नाहीत, क्राव्हत्सोव तर २०२३ मध्ये रशियाला परत गेला. उलट आंदरसन देऊन मिळालेल्या निवडीतून रेंजर्सना विल क्विली मिळाला, जो खरोखर चांगला निघाला. तेव्हा 'धीर धरा' हा काही सिद्ध मंत्र नाही. कधी कधी माती बरोबर असते आणि बीच किडकं असतं.

पण कायल ट्युरिसचं काय मग? २००७ चा तिसऱ्या नंबरचा. फिनिक्समध्ये रुतला, रुसला, नव्या करारावर सही करेना. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी तो ऑटवाला दिला, डेव्हिड रुंडब्लाड हा तरुण डिफेन्समन आणि एका दुसऱ्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात. हिशेब तोच, अडलेला फॉरवर्ड द्या, डिफेन्समन घ्या. रुंडब्लाड फिनिक्समध्ये कधी रुळलाच नाही. ट्युरिस ऑटवात सेंटर म्हणून उभा राहिला आणि २०१६-१७ मध्ये त्याने २७ गोल केले. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये पाचव्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल मारला. कोणाविरुद्ध? न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध. इतिहासाला विनोदबुद्धी असते, पण रेंजर्सना ती ऐकू येत नसावी.

आता निकाल काय लागला म्हणाल तर, सिअ‍ॅटलला गेल्यावर काक्कोने उरलेल्या ४९ सामन्यांत १० गोल आणि २० असिस्ट केले. त्याआधी न्यूयॉर्कला ३० सामन्यांत १४ पॉइंट्स होते. सुधारणा आहे, चमत्कार नाही. वरच्या ओळीत मिनिटं मिळाली, पॉवर प्ले मिळाला, तेवढ्या प्रमाणात आकडे वाढले. मला वाटतं हेच बघण्यासारखं आहे. तो ह्यूज कधीच होणार नव्हता. पण जेवढा होता तेवढाही न्यूयॉर्कमध्ये मोजला गेला नाही, कारण फूटपट्टी दुसऱ्या नंबरची आणि काम तिसऱ्या ओळीचं. रेंजर्सचं म्हणाल तर, आदल्या वर्षी ११४ गुणांनी लीगमध्ये पहिले आलेले ते त्या वर्षी ८५ वर थांबले, प्लेऑफ हुकले, लाव्हिओलेट घरी गेले. किड लाइनमधला खितिलही जानेवारीत व्हँकुव्हरला गेला होता. याचं खापर बोर्गनवर फोडणं साफ चूक. आणि सिअ‍ॅटलही प्लेऑफला गेलं नाही, तेव्हा काकाने संघ तारला असंही नाही.

हे सगळं मला इतकं का लागलं, याचा विचार करताना एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगा होता. मुलाखतीत सगळ्यांना दिपवून आलेला. वर्षभरात त्याने नाव घेण्यासारखं काही केलं नाही. आमच्यावर डेडलाइन होती, शेजारच्या टीमकडे एक अनुभवी बाई होत्या, डेटाबेसचं काम डोळे मिटून करणाऱ्या. मी साहेबांकडे जाऊन अदलाबदल करून घेतली. डेडलाइन गाठली. बाईंनी प्रोजेक्ट वाचवला, यात शंका नाही, आणि आजही तसाच प्रसंग आला तर मी त्यांनाच मागेन. पण नंतर एकदा सहज त्याची वर्षभराची कामं चाळली. टेस्ट डेटा बनवणं, जुन्या रिपोर्टचे फॉर्मॅट बदलणं, इतरांच्या चुका शोधणं. अवघड काम मी त्याला एकदाही दिलं नव्हतं, डेडलाइन होती ना. आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'अपेक्षेइतकी चमक दिसली नाही' हे वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं. मुलगा दुसऱ्या टीममध्ये ठीक आहे. फार पुढे गेला नाही, मागेही पडला नाही. कॅन्टीनमध्ये दिसला की हसतो. मीच जरा घाईत असल्यासारखं करतो.

चिरंजीवांच्या कपाटात काक्कोची जर्सी अजून आहे. आठव्या वर्षी घेतलेली, आता दंडात अडकते. मध्ये जुने कपडे देऊन टाकायला काढले तेव्हा बायकोने विचारलं, ही पिशवीत टाकू का? तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, "अरे, आता बोर्गनची घेऊ या की. चांगला खेळतो." तो म्हणाला, "बाबा, चांगला खेळतो. पण तो माझ्याबरोबर मोठा नाही ना झालेला."

सिअ‍ॅटलचे घरचे सामने आमच्याकडे रात्री दहाला सुरू होतात. दुसऱ्या दिवशी शाळा असते, ऑफिस असतं. पहिला पिरियड बघून झोपायचं असं ठरलंय. बहुतेक वेळा दुसराही होतो.